झोपेचं औषध आतड्याचा स्नायू खरंच सैल करतंय का? चिकनच्या आतड्यावर स्वतः बघायची रीत

आमच्या आक्काला जेवलं की अर्ध्या-पाऊण तासात पोटात पीळ पडायचा. डॉक्टरांनी गोळी दिली, पाकिटावर दोन नावं, क्लोरडायझेपॉक्साईड ५ मिलिग्रॅम आणि क्लिडिनियम २.५ मिलिग्रॅम. भाचीनं मोबाईलवर शोधून सांगितलं की पहिलं औषध झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यातलं हाय, झालं, आक्काचा मला फोन, "आरं, दुखतंय पोट आणि गोळी डोक्याची कशी काय? ह्यानं आतडं सैल पडतंय व्हय?"

मी इथं कोल्हापुरात फार्मसीच्या पोरांची फार्माकॉलॉजीची प्रॅक्टिकल घेतो, तरी मला फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. कारण औषधानं आतडं सैल पडलं एवढं बघून ते औषध कुठं चिकटलं हे कळत नाही. ते थेट स्नायूवर चिकटलेलं असंल, आतड्याच्या भिंतीत जे नसांचं जाळं असतंय त्यावर असंल, नाहीतर वर मेंदूत असंल आणि खाली फक्त परिणाम दिसत असंल. या तीन जागा वेगळ्या कशा काढायच्या हेच खाली सांगतोय, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये असतंय. घरी करायची गोष्ट नाही ही, औषधं शेड्यूल एच-वन मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी हायत, रजिस्टरला नोंद करून, सरांच्या नाहीतर मॅडमच्या समोरच करायचं.

आधी स्नायू काय करतोय ते डोक्यात बसवा. खासबागेत पैलवान जो दंड फुगवतोय त्या स्नायूत ट्रोपोनिन असतं, आतड्याच्या गुळगुळीत स्नायूत ते नसतंच. इथं कॅल्शियम आत आलं की कॅल्मोड्युलिनला जाऊन धरतं, ती जोडी मायोसिन लाईट चेन कायनेज नावाच्या एन्झाईमला जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेट लावतं आणि मग आखडणं सुरू होतं. सैल पडायचं तर कॅल्शियम खाली जायला पाहिजे आणि दुसऱ्या एन्झाईमनं, म्हणजे फॉस्फेटेजनं, ते फॉस्फेट काढायला पाहिजे. कॅल्शियम येतं मुख्यतः दोन वाटांनी. एक, पेशीच्या पडद्यातले एल-टाईप कॅल्शियम चॅनल, पडद्याचा व्होल्टेज बदलला की उघडतात. दुसरी वाट, अॅसिटिलकोलीन, म्हणजे नसा स्नायूला निरोप द्यायला जे रसायन सोडतात ते, स्नायूच्या पेशीवरच्या एम-थ्री रिसेप्टरवर बसतं, आत आयपी-थ्री नावाचा निरोप्या रेणू तयार होतो आणि पेशीतल्याच साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. या दोन वाटा लक्षात ठेवा, पुढचा अख्खा प्रयोग यांच्यावरच हाय.

आता झोपेची औषधं. डायझेपाम, मिडाझोलाम, क्लोरडायझेपॉक्साईड ही बेंझोडायझेपिन घराण्यातली. गाबा हे मेंदूतल्या नसांना शांत करणारं रसायन, आणि ही औषधं मेंदूत त्याच्या गाबा-ए रिसेप्टरच्या अल्फा आणि गॅमा या दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत बसतात, त्यामुळं गाबा आला की क्लोराईडचं दार जास्त वेळा उघडतं. बार्बिट्युरेट, म्हणजे झोपेची जुनी औषधं, दुसऱ्या जागी बसतात आणि दार जास्त वेळ उघडं ठेवतात. बरीच पोरं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हीच गोष्ट सरळ आतड्यावर नेऊन ठेवतात, "सर, स्नायूत क्लोराईड आत जातं आणि तो सैल पडतो." चुकतंय ते. आतड्यात गाबा-ए रिसेप्टर सापडतात ते मुख्यतः नसांच्या जाळ्यात, लांब आणि गोल स्नायूच्या थरांच्या मध्ये जे ऑवरबाखचं जाळं असतंय तिथं, आणि गिनीपिगच्या इलियमवर, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर, गाबा घातला तर आधी आखडणंच दिसतं, कारण त्या नसा उत्तेजित होऊन अॅसिटिलकोलीन सोडतात. म्हणजे मेंदूचा नियम जसाच्या तसा खाली आणला तर उत्तर उलटंच निघायला पाहिजे होतं! तरीपण बाथमध्ये, म्हणजे आतड्याचा तुकडा जिवंत ठेवायच्या द्रावणाच्या भांड्यात, डायझेपाम पुरेसं घातलं की आतडं सैल पडतं. मग ते कशानं, हा खरा प्रश्न.

टिश्यू आणण्यापासून सुरुवात करू. या कामासाठी वेगळा प्राणी मारायची गरज नाही, चिकनच्या दुकानात जे टाकून देतात तेच पाहिजे. कोल्हापुरात वजडी खाणारे लोक असल्यामुळं आतडं मागितलं तर कुणी वेड्यासारखं बघत नाही हा आपला मोठा फायदा, पण खायला साफ करून देतात तसलं नको, गरम पाण्यातनं काढलेलं तर अजिबात नको. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, सकाळी लवकर जावा, रविवारी जाऊ नका, गर्दीत त्याला वेळ नसतो. कोंबडी कापल्या कापल्या आतडं हातात घ्यायचं. कोंबडीत ओळखायची खूण सोपी हाय, शेवटाकडं दोन आंधळ्या पिशव्या असतात, सीकम म्हणतात त्यांना, त्या दोघींच्या मध्ये जो भाग चिकटून चाललेला दिसतो तो इलियम. तो कापून बर्फात गार केलेल्या टायरोड द्रावणात, थर्मासमधनं आणायचा. नळाच्या पाण्यात एक मिनिटसुद्धा नाही, साध्या पाण्यात पेशी फुगून मरतात.

टायरोड हे १९१० पासूनचं द्रावण, आणि आतड्याचा तुकडा शरीराबाहेर जिवंत ठेवायची पद्धत तर माग्नुसनं १९०४ मध्येच दाखवलेली. एक लिटरला सोडियम क्लोराईड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ०.२, कॅल्शियम क्लोराईड ०.२, मॅग्नेशियम क्लोराईड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ आणि ग्लुकोज १ ग्रॅम. डिस्टिल्ड वॉटरमध्येच करायचं. यात एक ठिकाणी दरवर्षी एकतरी बॅच फसते, कॅल्शियम क्लोराईड बाकीच्यांबरोबर एकदम टाकतात आणि द्रावण गढूळ होतं. कॅल्शियम वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून, बाकी सगळं विरघळल्यावर, शेवटी हळूहळू ढवळत घालायचं. गढूळ झालं तर ते फेकून नवीन करा, गाळून वापरू नका, कारण जे खाली बसलंय ते कॅल्शियमच हाय आणि आपला सगळा खेळ कॅल्शियमचा. ग्लुकोज त्याच दिवशी घालायचा.

तुकडा दोन-तीन सेंटिमीटर. बाजूची चरबी आणि पातळ पडदा कात्रीनं काढा, आतली घाण पिपेटनं टायरोड सोडून अलगद धुवा, चिमट्यानं दाबू नका. दोन्ही टोकांना दोरा बांधायचा तो समोरासमोरच्या कडांना, पण नळीचं तोंड बंद व्हायला नको, आत-बाहेर द्रावण फिरायला पाहिजे. खालचा दोरा एरेशन ट्यूबच्या, म्हणजे हवा सोडायच्या नळीच्या आकड्याला, वरचा लिव्हरला, म्हणजे आतडं आखडलं की वर जाऊन ग्राफ काढणाऱ्या दांडीला. बाथ २५ मिलिलिटरचा धरतो मी इथं हिशेबासाठी. तापमान ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईडचं सिलिंडर असलं तर उत्तम, नसलं तर साध्या पंपाची हवापण चालते, बुडबुडे बारीक ठेवा, मोठे असले की लिव्हर हलतो. ताण अर्धा ते एक ग्रॅम. मग ३० ते ४५ मिनिटं काही करायचं नाही, दर दहा मिनिटांनी द्रावण बदलायचं एवढंच. या वेळेत कंटाळून औषध घालणारी पोरं असतात, त्यांचा ग्राफ दिवसभर वर-खाली होत राहतो.

स्थिर झालं की अॅसिटिलकोलीन. एका मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमचं स्टॉक, त्यातनं ०.१, ०.२, ०.४, ०.८ मिलिलिटर असं दुप्पट दुप्पट करत जायचं, प्रत्येक वेळी ३० सेकंद औषधाचा संपर्क, मग धुणं, आणि पाच मिनिटांचं चक्र पाळायचं घड्याळ लावून. ग्राफची उंची वाढायची थांबली की ते कमाल. त्या कमालीच्या ७०-८० टक्के उंची देणारा डोस निवडून ठेवा आणि तो तीनदा सारखा येतोय का बघा. सारखा येत नाही तोवर पुढं जायचं नाही.

आता झोपेचं औषध विरघळवायचा मुद्दा, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. एका वर्षी आमच्या बॅचनं डायझेपामचं इंजेक्शन, ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवालं, सरळ अर्धा मिलिलिटर बाथमध्ये सोडलं. बाथ दुधासारखा झाला, अॅसिटिलकोलीनची उंची जवळजवळ गेली, पोरं खूश, मीपण खूश. नंतर एका पोरीनं विचारलं की सर पांढरं का झालं. पांढरं झालं कारण डायझेपाम पाण्यात विरघळतच नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं, म्हणून त्या इंजेक्शनमध्ये ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, १० टक्के अल्कोहोल आणि वर बेंझाईल अल्कोहोल असतं. आम्ही तेच मिश्रण डायझेपाम न घालता बनवलं, अर्धा मिलिलिटर सोडलं, आणि उंची तेव्हासुद्धा चांगलीच कमी झाली. म्हणजे आमच्या ग्राफमधला किती भाग औषधाचा आणि किती सॉल्व्हंटचा हे सांगता येईना. शिवाय हिशेब केला तर अडीच मिलिग्रॅम २५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, साधारण ३५० मायक्रोमोलर (मायक्रोमोलर म्हणजे द्रावणात औषध किती दाट हाय ते मोजायचं माप). माणसाच्या रक्तात गोळी घेतल्यावर एकूण डायझेपाम मिलिलिटरला साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आतच असतं, त्यातलं ९८ टक्के प्रोटीनला चिकटलेलं. म्हणजे आम्ही शंभरपट नाही, मोकळ्या औषधाच्या हिशेबानं हजारो पट घातलं होतं. त्या पोरीचा प्रश्न मी दरवर्षी नव्या बॅचला सांगतो.

म्हणून असं करा. शुद्ध पावडर मिळत असंल तर डायमिथाईल सल्फॉक्साईडमध्ये १० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे मिलिलिटरला २.८५ मिलिग्रॅम. त्यातनं २५ मायक्रोलिटर बाथमध्ये गेलं की १० मायक्रोमोलर होतं आणि सॉल्व्हंट फक्त ०.१ टक्का. आणि तेवढंच रिकामं सॉल्व्हंट आधी एकदा घालून ग्राफ काढायचाच काढायचा. मिडाझोलाम असलं तर काम अजून सोपं, ते आम्लात, पीएच ४ च्या खाली, विरघळतं कारण त्याची एक रिंग उघडते, आणि टायरोडच्या ७.४ ला आलं की रिंग बंद होऊन ते चरबीत शिरणारं होतं. प्रॉपोफॉल, म्हणजे भूल द्यायचं औषध, मात्र नवख्यांनी घेऊ नका, ते सोयाबीन तेलाच्या इमल्शनमध्ये येतं, कंट्रोलला तसलंच रिकामं इमल्शन लागतं.

पहिली फेरी: निवडलेला अॅसिटिलकोलीनचा डोस, मग बाथमध्ये १ मायक्रोमोलर डायझेपाम दहा-पंधरा मिनिटं ठेवून तोच डोस, धुणं, परत मूळ उंची येते का बघणं, मग १०, मग ३०. शेजारी दुसरा तुकडा लावा ज्याला फक्त सॉल्व्हंट द्यायचं, कारण तीन तासांनी टिश्यू आपोआपच थकतं आणि ती थकवट औषधाच्या नावावर जमा होते. १ ला बहुतेक काही दिसत नाही, वर गेल्यावर दिसायला लागतं. या फेरीतनं एवढंच कळतं की आखडणं कमी झालं. कुठं, ते नाही.

दुसरी फेरी ही या प्रयोगाचा जीव हाय. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, बाथमधलं आतडं बसल्या बसल्या सैलच असतं, सैल पडलेल्याला औषध अजून सैल काय करणार? म्हणून आधी त्याला आखडवून धरायचं, मग सोडवायचं. आखडवायला पोटॅशियम. ३ मोलरचं पोटॅशियम क्लोराईड, १०० मिलिलिटरला २२.४ ग्रॅम, त्यातलं अर्धा मिलिलिटर बाथमध्ये घातलं की पोटॅशियम ६० मिलिमोलरनं वाढतं. पडद्याचा व्होल्टेज बदलतो, एल-टाईप चॅनल उघडतात, कॅल्शियम आत येतं, लिव्हर वर जातो आणि बराच वेळ वरच राहतो. पोटॅशियम नसांनापण डिवचतं आणि त्यांच्यातनं अॅसिटिलकोलीन सुटतं, म्हणून हे करताना बाथमध्ये १ मायक्रोमोलर अॅट्रोपिन आधीपासून ठेवा म्हणजे एम-थ्रीची वाट बंद. आता उरली फक्त चॅनलची वाट. लिव्हर वर टिकला की न धुता औषध थोडं थोडं वाढवत जायचं, ३, १०, ३०, १०० मायक्रोमोलर, प्रत्येक पायरीला लिव्हर थांबेपर्यंत वाट बघायची. शेवटी पापाव्हेरिन घालून पूर्ण सैल पडल्यावरची रेघ घ्या, ती शंभर टक्के धरून बाकीचं मोजायचं.

इथं डायझेपामनं लिव्हर पायरीपायरीनं खाली आला तर समजायचं की अॅसिटिलकोलीनचा रिसेप्टर अडवायची त्याला गरज नाही, तो कॅल्शियम आत यायच्या वाटेवर किंवा त्याच्या पुढं कुठंतरी काम करतोय. अजून खात्री करायची तर कॅल्शियम नसलेल्या टायरोडमध्ये पोटॅशियम वाढवून ठेवा, आणि कॅल्शियम क्लोराईड थेंबाथेंबानं परत देत ग्राफ काढा, एकदा औषधाशिवाय, एकदा औषधासकट, आणि तिसऱ्यांदा व्हेरापामिलसकट, म्हणजे एल-टाईप चॅनल अडवणाऱ्या औषधासकट. औषधाचा ग्राफ व्हेरापामिलच्या ग्राफसारखा उजवीकडं (म्हणजे तेवढ्याच उंचीला जास्त कॅल्शियम लागतं) आणि खाली सरकला तर कॅल्शियमच्या वाटेचा संशय पक्का होत जातो. प्रॉपोफॉल आणि बार्बिट्युरेटसुद्धा जास्त प्रमाणात हेच एल-टाईप चॅनल मंद करतात.

तिसरी फेरी फ्लुमाझेनिलची. हे मेंदूतल्या त्या अल्फा-गॅमाच्या खाचेतनं बेंझोडायझेपिनला हुसकावतं, दवाखान्यात ओव्हरडोसला देतात. दुसरी फेरी तशीच परत करा पण आधी फ्लुमाझेनिल १० मायक्रोमोलर घालून. आमच्याकडं तरी स्नायूचं सैल पडणं तसंच राहिलं, म्हणजे ते त्या खाचेतनं होत नव्हतं.

मग पोरं लगेच म्हणतात, तर ते दुसऱ्या रिसेप्टरवर असणार. १९७७ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात डायझेपाम चिकटणारी वेगळी जागा सापडली होती, तिला पेरिफेरल बेंझोडायझेपिन रिसेप्टर म्हणायचे, ती मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर असते आणि २००६ मध्ये तिचं नाव ट्रान्सलोकेटर प्रोटीन केलं. ती जागा हाय, डायझेपाम तिथं चिकटतं, हे खरं. पण चिकटलं म्हणजे त्यामुळंच सैल पडलं असं होत नाही ना! बाथ फक्त परिणाम दाखवतो, चिकटणं मोजायचं तर किरणोत्सारी लेबल लावलेलं औषध आणि वेगळी लॅब लागते. जर्नलमध्ये "औषध स्नायूला बांधलं जाते" असं लिहू नका, "फ्लुमाझेनिलनं न अडणारी शिथिलता दिसली" असं लिहा. शब्द रुक्ष हायत पण खरे हायत.

तुलनेसाठी दोन औषधं जरूर चालवा, त्यांनी डोळे उघडतात. एक प्रोमेथाझिन, खोकल्या-सर्दीच्या औषधातलं, त्यानं झोप येते ती मेंदूतला हिस्टामिनचा एच-वन रिसेप्टर अडवून. पण आतड्यावर ते मस्करिनिक रिसेप्टरला, म्हणजे एम-थ्री ज्या घराण्यातला त्याला, स्पर्धेनं अडवतं, म्हणून कमी प्रमाणात अॅसिटिलकोलीनचा सगळा ग्राफ उजवीकडं सरकतो आणि अॅसिटिलकोलीनचा डोस वाढवला की उंची परत मिळते. डायझेपामच्या जास्त प्रमाणाला डोस वाढवूनही कमाल उंची परत येत नाही. हा फरक कागदावर एकावर एक काढून बघा. दुसरं क्लोनिडीन, आयसीयूत वापरतात त्या डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाचं भावंड. ही दोन्ही नसांच्या टोकावरच्या अल्फा-टू रिसेप्टरवर बसून अॅसिटिलकोलीन सुटणंच कमी करतात. म्हणून तुम्ही बाहेरनं अॅसिटिलकोलीन घातलं तर क्लोनिडीनचा फारसा परिणाम दिसत नाही, पण विजेच्या झटक्यानं नसा चेतवून आखडवलं तर उंची पडते. लॅबला स्टिम्युलेटर असला तर हे बघाच. झोप आणणारी तीन औषधं, आतड्यात सैल करायच्या तीन वेगळ्या जागा.

संपल्यावर बाथ दोन-तीनदा टायरोडनं, मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, एरेशन ट्यूबच्या आतपण, कारण चरबीत विरघळणारी औषधं प्लास्टिकच्या नळीला चिकटून राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बॅचचा बेसलाईन बिघडतो. उरलेलं औषध मोजून रजिस्टरला, टिश्यू पिवळ्या पिशवीत.

आक्काला मी संध्याकाळी परत फोन केला. सांगितलं की एवढ्याशा गोळीतनं झोपेचं औषध आतड्याच्या स्नायूपर्यंत मायक्रोमोलरच्या हिशेबात पोचत नाही, ते वरती डोक्यात काम करतंय, काळजीनं पोटाला जो पीळ बसतो तो वरनं कमी करायला दिलंय. आतड्यावर काम करतंय ते दुसरं, क्लिडिनियम, ते एम-थ्री अडवतंय आणि मेंदूत फारसं जात नाही. ही गोळी महिनोन्महिने मनानं घेऊ नको आणि बरेच दिवस घेतली असली तर एकदम बंदपण करू नको, डॉक्टरांना विचारून कमी कर. आणि एम-थ्री डोळ्यात पण असतंय, बाहुलीच्या स्नायूत, ते अडलं की काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून विचारलं, "आक्का, डोळ्यात ते काचबिंदूचे थेंब घालतीस, डॉक्टरांना सांगितलंयस का?" तर म्हणाली, "पोटाच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला सांगू?" दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर थेंबांची बाटली घेऊन गेली, डॉक्टरांनी बाटली बघितली आणि गोळी बदलून दिली.